विमान नांदेडला येतं, परभणीला नाही

(परभणीतल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ)

सचिव काका, अ-१०१ (८:१२)
काल रात्री क विंगच्या आजींना ॲम्ब्युलन्सनं संभाजीनगरला नेलं. आता आयसीयूत आहेत, बीपी सावरलंय. खाली उभं असताना तीन-चार जणांनी विचारलं, विमानानं नेता आलं नसतं का? प्रमोद, तुमच्या घरी हे झालेलं आहे. जरा सविस्तर लिहाल का?

शैला मामी, ब-२०४ (८:२०)
हाव, सांगाच. आम्हाला वाटायचं ते फक्त मंत्री-आमदारांसाठी असतं.

प्रमोद, ब-३०२ (८:५१)
लिहितो, मोठं होईल.
दादा ४६ वर्षांचा. न्यूमोनियानं दोन्ही फुफ्फुसं भरली, चौथ्या दिवशी व्हेंटिलेटर लावला. इथले डॉक्टर म्हणाले, एक्मो मशीन (फुफ्फुसाऐवजी रक्तात बाहेरून ऑक्सिजन मिसळणारं) असेल तिथं हलवा, आणि लवकर हलवा, दोन दिवसांनी तो हलवण्याच्या अवस्थेत राहणार नाही. मुंबईत बेड मिळाला. रस्त्यानं पाचशे किलोमीटरच्या वर. जालन्यापासून समृद्धी धरली तरी नऊ तास कुठं गेले नाहीत. डॉक्टरांनी वहिनीला एकच विचारलं, "रात्री दोन वाजता घाटाजवळ नळी सरकली, तर गाडीत कोण असणार?" तिथंच ठरलं.
आता मुद्द्याचं. विमान परभणीला येत नाही. नांदेडला येतं. म्हणजे पहिले पाऊणशे किलोमीटर रस्ताच आहे. आदल्या संध्याकाळी विमानाची डॉक्टर-टीम नांदेडला उतरली. सकाळी सहाला त्यांचे डॉक्टर इथल्या आयसीयूत हजर. दादाला त्यांच्या छोट्या व्हेंटिलेटरवर घेतलं आणि अर्धा तास नुसते बघत उभे राहिले. मी घाई करायलो, ते हलेनात. म्हणाले, इथं ऑक्सिजन टिकला तरच वर टिकेल. साडेसहाला निघालो, सव्वाआठला नांदेड, नऊला उड्डाण, सव्वा तासात मुंबई, सव्वाअकराला बेडवर. पावणेपाच तास.

नितीन, क-१०३ (८:५८)
म्हणजे वेळ निम्माच वाचला की दादा. एवढ्या पैशात?

प्रमोद, ब-३०२ (९:०४)
निम्माच. हैदराबादला गेलो असतो तर त्याहून कमी वाचला असता. पण त्या पावणेपाच तासांत एक मिनिटही दादा डॉक्टरच्या नजरेआड नव्हता. मॉनिटर, सिरिंज पंप, शॉक द्यायचं मशीन, सगळं हाताशी. वर असताना एकदा ऑक्सिजन ८४ वर आला, तेव्हा त्यांनी दोन बटणं फिरवली, नळीतून कफ ओढला, पाच मिनिटांत ९३. मी समोर बसून बघितलंय. रस्त्यावर ते कुणी केलं असतं?

डॉ. स्वाती ताई, अ-४०२ (९:३०)
ओपीडीच्या आधी लिहिते. प्रमोद म्हणाले ते अगदी खरं. विमानाचा फायदा नुसत्या वेगाचा नाही. एका आयसीयूतून निघून दुसऱ्या आयसीयूत पोहोचेपर्यंत उपचारात खंड पडत नाही, तो फायदा.
पण हवेत शरीराचं गणित बदलतं, ते समजून घ्या. विमानाच्या आतला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगरासारखा असतो. ऑक्सिजन कमी पडतो आणि शरीरात अडकलेली हवा जवळपास एक तृतीयांशानं फुगते. छातीत फुफ्फुसाबाहेर हवा साठली असेल, तर आधी नळी घालून ती काढावीच लागते, नाहीतर वर गेल्यावर जीवावर बेतेल. श्वासनळीतल्या ट्यूबच्या फुग्यातला दाबसुद्धा वर गेल्यावर तपासावा लागतो. नवीन प्लास्टर उभं चिरून घेतात, कारण आत सूज वाढते. डोक्याला मार लागून कवटीत हवा गेली असेल तर केबिनचा दाब जमिनीसारखा ठेवून कमी उंचीवरून उडावं लागतं. म्हणून "फिट टू फ्लाय", म्हणजे पेशंटला विमानानं नेता येईल असं डॉक्टरांचं पत्र, हा नुसता शिक्क्याचा कागद नाही. तो देणाऱ्याला हे सगळं बघायचं असतं.

शैला मामी, ब-२०४ (९:३६)
ताई, मग आमच्या यांना हार्ट अटॅक आला, तर आधी विमानालाच फोन करायचा का?

डॉ. स्वाती ताई, अ-४०२ (९:४१)
नाही मामी, आधी १०८! हे सगळ्यांनी नीट वाचा. हार्ट अटॅकमध्ये पहिली मिनिटं गाठ विरघळवण्याच्या इंजेक्शनची किंवा अँजिओप्लास्टीची असतात. लकव्यात साडेचार तासांच्या आत सीटी करून इंजेक्शन द्यावं लागतं. साप चावला तर विषावरचं इंजेक्शन इथंच, जवळच्या सरकारी दवाखान्यात. पेरणीच्या दिवसांत शेतावरून थेट मोठ्या शहराकडं निघालेले पेशंट वाटेत गेलेले पाहिलेत मी, फार वाईट वाटतं. आधी इथं सावरायचं, मग हलवायचं. विमान दुसऱ्या टप्प्याचं साधन आहे. काल आजींना संभाजीनगरला रस्त्यानं नेलं तो निर्णय बरोबर होता. विमान ठरवून, येऊन, नांदेड गाठेपर्यंत त्या तिथं पोहोचल्याही असत्या.

रेश्मा, क-२०१ (९:५५)
माझ्या बहिणीचं बाळ ३० आठवड्यांत झालं होतं. त्याला नेता आलं असतं?

डॉ. स्वाती ताई, अ-४०२ (१०:०२)
हो, बाळासाठी प्रवासी इन्क्युबेटर (बाळाला ऊब देणारी पेटी) असतो. फक्त बुक करतानाच वजन आणि आठवडे सांगायचे, कारण टीम वेगळी लागते.

नितीन, क-१०३ (१०:१०)
पैशाचं बोला ना. आणि फसवणूक?

प्रमोद, ब-३०२ (१०:२४)
आम्हाला साडेपाच लाख लागले. अंतर आणि विमान बदललं की आकडा बदलतो. वहिनीचे दागिने गहाण ठेवले, लपवण्यासारखं काही नाही. पॉलिसीत एअर ॲम्ब्युलन्सचं कलम होतं, पण त्याला मर्यादा होती, आणि आधी मंजुरी व डॉक्टरांचं "हलवणं गरजेचं" असं पत्र मागत होते. त्यामुळे काही भाग परत मिळाला. आज संध्याकाळी आपापली पॉलिसी काढून हे कलम बघा.
पहिल्या फोनवाल्यानं ॲडव्हान्स मागितला आणि विमान कुणाचं ते सांगेना. तो दलाल होता, त्याच्याकडं विमान नव्हतंच. दुसऱ्यानं डीजीसीएचा (विमानांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा) परवाना, विमानाचा नंबर, सोबत येणाऱ्या डॉक्टरचं नाव, सगळं लेखी दिलं. "बेड टू बेड" म्हणजे दोन्ही बाजूंच्या गाड्या पैशात धरल्यात का, तेही लिहून घ्या. आणि तिकडच्या बेडचा होकार हातात असल्याशिवाय विमान बोलवू नका.

देशपांडे सर, अ-३०३ (१०:४८)
मी कृषी विद्यापीठात होतो. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून वाटतं, मराठवाड्याला कायमची हवाई रुग्णसेवा हवी. मध्य प्रदेशनं २०२४ मध्ये सुरू केली, आयुष्मान कार्ड असलेल्यांना मोफत. त्याच वर्षी ऋषिकेशच्या एम्सनं हेलिकॉप्टर सेवा सुरू केली. २०२५ मध्ये तेच हेलिकॉप्टर केदारनाथला उतरताना कोसळलं, आतले वाचले. धोका आहेच, म्हणून नीट उभारावी. पण हिंगोलीच्या शेतमजुराला वहिनीसारखे दागिने नसतात. त्याच्यासाठी आपण बोललं पाहिजे. मी निवेदन लिहायला घेतलंय, सह्या कराल ना?

शैला मामी, ब-२०४ (१०:५१)
मी करते सर. पहिली माझी.

सचिव काका, अ-१०१ (११:०५)
सरांचं निवेदन मंगळवारी गेटजवळ ठेवतो. प्रत्येकानं घरातल्या आजारी माणसाची फाइल एका पिशवीत ठेवा. जुने रिपोर्ट, चालू गोळ्या, ॲलर्जी, आधार कार्ड, सोबत जाणाऱ्याचं आधारही.

रेश्मा, क-२०१ (११:०९)
प्रमोददादा, तुमचे दादा आता कसे आहेत?

प्रमोद, ब-३०२ (११:१४)
जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबतो. कालच सेलूहून आला. आता गच्चीवर आईनं वाळत घातलेली ज्वारी राखायलाय.

डॉ. स्वाती ताई, अ-४०२ (११:१६)
उन्हात फार वेळ बसू देऊ नका. आणि त्यांचा शेवटचा एक्स-रे आठच्या सुमारास घरी घेऊन या, बघते.