व्हेनिसला राहायचं तर जुन्या शहरातल्या भारी हॉटेलातच, पटतंय का?

रानवाट: माझं स्पष्ट मत आहे, हवं तर एक रात्र कमी करा पण मेस्त्रेत, म्हणजे खाडीपलीकडच्या जमिनीवरच्या व्हेनिसच्या उपनगरात, राहू नका. दिवसा सान मार्कोच्या चौकात धड उभंही राहता येत नाही, आणि संध्याकाळी एका दिवसासाठी आलेले लोक परतले की त्याच गल्ल्यांत पाण्याचा आवाज ऐकू येतो, तो मेस्त्रेतल्या रूममधून कसा मिळणार? त्यात जुन्या पलाझोतलं, म्हणजे कालव्याकाठच्या जुन्या वाड्यातलं, हॉटेल असेल तर होडीतून उतरायचं ते थेट हॉटेलच्या पायरीवर, म्हणजे बॅगा उचलून पूल चढायची भानगडच नाही.

सुमेधा_क: अहो पण मेस्त्रेहून जुन्या शहरातलं सांता लुचिया स्टेशन ट्रेनने दहा-बारा मिनिटांवर आहे! रात्री जेवून फिरून आरामात परत जाता येतं. नुसत्या झोपण्यासाठी एवढे पैसे कशाला घालवायचे? आणि २०२४ पासून ठरावीक दिवशी एंट्री फी लागते ना, ती मेस्त्रेत मुक्काम असला तरी माफच आहे, कारण मेस्त्रे त्याच महापालिकेत येतं.

पाणकोंबडा: मला पैशांपेक्षा माणसांचं वाईट वाटतं. जुन्या शहरात १९५१ च्या सुमारास पावणेदोन लाख लोक राहायचे, २०२२ मध्ये आकडा ५० हजारांच्या खाली गेला. प्रत्येक पलाझोचं हॉटेल झालं तर तिथे शाळेत जाणारी पोरं राहणार कुठे?

रानवाट: @पाणकोंबडा मुद्दा मान्य, पण सगळ्यांना एकाच मापात नका मोजू. डॅनिएली १८२२ पासून हॉटेल आहे, आत्ता घरं रिकामी होतायत ती पर्यटकांना भाड्याने दिलेल्या फ्लॅटमुळे जास्त. शिवाय या इमारती सांभाळणं फार अवघड आहे हो, तळाला इस्त्रियाचा दगड घातलाय तो ओल अडवायला, पण पाणी आता त्याच्याही वर जातं, खार विटांत चढतो, मग प्लास्टर फुगून पोपडे धरतं, बोट लावलं तरी भुगा पडतो. ही दुरुस्ती कधीच संपत नाही, एकट्या कुटुंबाला कशी झेपणार?

पाणकोंबडा: दुरुस्तीचं पटलं. पण भिंती वाचल्या आणि शेजारी गेले तर ते शहर कसलं, मी तरी पलाझो बाहेरूनच बघेन.

सुमेधा_क: आईबाबा सोबत असतील तर मात्र मी आतच राहीन, त्या पुलांच्या पायऱ्या गुडघ्यांना झेपत नाहीत. फक्त बुक करताना होडी नेमकी दारात लागते का ते विचारून घ्या, सगळ्याच हॉटेलांना कालव्याचं दार नसतं.