नव्या एनएएसवर अपलोड रडतंय, डाउनलोड सुसाट, काय प्रकार आहे?

वागळे_आयटीवाला:
मंडळी जरा मदत करा. ऑफिस वागळे इस्टेटला, गोडाऊन महापे एमआयडीसीत, मध्ये प्रोव्हायडरची एल-टू लीज्ड लाइन (आमची इथरनेट फ्रेम, म्हणजे डेटाचं पाकीट, जशीच्या तशी पलीकडे पोचवणारी भाड्याची लाइन), दोन्हीकडे एकच सबनेट (एकच लोकल नेटवर्क), आमचा राउटर मध्ये नाही. गोडाऊनमधला जुना एनएएस (नेटवर्कवर फाइली साठवायचा डबा) बदलून नवीन लावला तेव्हापासून ठाण्याहून रात्री बॅकअप टाकला की सकाळी लोकं चहा घेऊन बसली तरी चालूच असतो, पण तिकडची फाइल इकडे ओढली तर फुल स्पीड. पिंग क्लीन. गोडाऊनमध्येच लॅपटॉप लावून कॉपी केलं तर भन्नाट जातंय. प्रोव्हायडर म्हणतो लाइन ओके, बॉस म्हणतो एनएएस परत कर.

सीवूड्स_सिस्टीमवाला:
ड्युप्लेक्स (दोन्ही दिशांना एकदम डेटा जातोय ना) बघ, एमटीयू (एका पॅकेटची कमाल साइज) बघ.

वागळे_आयटीवाला:
बघितलं. 1472 बाइटची पिंग न तुटता जातेय, म्हणजे फुल साइजचं पॅकेट जातंय.

लेबल_काका:
नव्या एनएएसचा मॅक अॅड्रेस (नेटवर्क कार्डचा हार्डवेअर पत्ता) 4 किंवा 6 ने सुरू होतो का?

वागळे_आयटीवाला:
हो, 4सी. जुन्याचा 00 होता. का हो काका?

सीवूड्स_सिस्टीमवाला:
काहीही काय, मॅक बघून लाइन स्लो होणार?

लेबल_काका:
अहो तीच तर गंमत, प्रोव्हायडरचा मधला राउटर त्याला मॅक म्हणून धरतच नाही. प्रोव्हायडर तुमची फ्रेम एमपीएलएसचं लेबल (प्रोव्हायडरच्या नेटवर्कमध्ये वाट दाखवणारी चिठ्ठी) लावून पाठवतो, आणि लेबलनंतर आत काय आहे हे कुठेच लिहिलेलं नसतं. मग काही राउटर पहिला आकडा बघून ठोकताळा लावतात, 4 असेल तर आयपीव्ही4, 6 असेल तर आयपीव्ही6. इथरनेट फ्रेममध्ये सगळ्यात पुढे डेस्टिनेशनचा मॅक असतो, म्हणजे तुमचा 4सी. आता राउटरसाहेब कुठल्या लिंकने पाठवायचं ते ठरवायला, आयपी हेडर समजून पत्ते वाचायला जातात आणि डेस्टिनेशन आयपीच्या जागी त्यांना मिळते खऱ्या आयपी पॅकेटची लांबी आणि आयडी. आयडी दर पॅकेटला बदलला की प्रत्येक पॅकेट वेगळ्या लिंकवर, पुढचं आधी पोचतं मागचं नंतर, आणि टीसीपी (डेटा क्रमाने पोचवणारा प्रोटोकॉल) बिचारा परत परत पाठवत बसतो. पिंग एकेक जाते, तिला काय फरक पडतोय. डाउनलोडला डेस्टिनेशन तुमचा ठाण्याचा सर्व्हर, त्याचा मॅक बहुतेक 4 किंवा 6 चा नसणार.

खात्री करायची तर एनएएसच्या जागी लिनक्सचा लॅपटॉप लावा, त्याला आधी 4सी वाला मॅक द्या, मग ए2 वाला, आणि ठाण्याहून दोन्ही वेळा आयपर्फ (स्पीड मोजायचं टूल) मारा. एनएएस बंद ठेवा, एकच मॅक दोन ठिकाणी नको. पहिल्या जोडीतला दुसरा आकडा 1, 3 असा विषम घेऊ नका, तो मल्टिकास्ट होतो.

वागळे_आयटीवाला:
काका पाया कुठे पडू सांगा! ए2 ला सुसाट, 4सी ला पुन्हा तीच रड. पण कस्टमर केअर म्हणतंय मोडेम रिस्टार्ट करा 😭

लेबल_काका:
फोन सोडा, मेल टाका. दोन्ही आयपर्फचे आउटपुट जोडा आणि लिहा की स्यूडोवायरवर (एमपीएलएसमधून तुमची फ्रेम नेणारी आभासी तार) दोन्ही टोकांना कंट्रोल वर्ड (लेबल आणि फ्रेमच्या मध्ये टाकायचे चार बाइट) चालू करा, आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचा दस्तऐवज) 8469, साल 2018, त्यात हेच सांगितलंय. कंट्रोल वर्ड 0 ने सुरू होतो म्हणून राउटर फसत नाही. तोवर एनएएसमध्ये मॅक बदलायची सोय असेल तर ए2 वर चालवा.