परदेशातील मिशन कार्याला वर्षअखेरचे दान: 31 डिसेंबरपूर्वी काय पाहावे?

प्रश्न (न्यू जर्सीतील एक सभासद)

सर्वांना प्रभूमध्ये सप्रेम सलाम. आम्ही पती-पत्नी गेली 14 वर्षे न्यू जर्सीत राहतो. आमच्या मंडळीचा (चर्चचा) दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, देऊनही यंदा 6,000 डॉलर बाजूला राहिले आहेत आणि नाताळापूर्वी ते मिशन कार्याला द्यावेत असे घरात ठरले आहे. अर्धी रक्कम महाराष्ट्रातील एका जुन्या मिशन हॉस्पिटलला द्यायची आहे, कारण माझा आणि माझ्या दोन्ही भावांचा जन्म तिथलाच. उरलेली अर्धी आफ्रिकेत चाललेल्या पवित्र शास्त्राच्या भाषांतरासाठी. आपल्या हाती मराठी नवा करार 1811 मध्ये बंगालमधील सेरामपूरच्या मिशन छापखान्यातून आला. ज्या बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीने सेरामपूरचे मिशनरी-भाषांतरकार विल्यम केरी यांना भारतात पाठवले, तिची 1792 मधली पहिली वर्गणी केवळ 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स इतकी होती. ते ऋण कुठेतरी फेडावे असे मनात आहे.

माझी आजी सुगीच्या उपासनेला बाजरीची पहिली पाटी डोक्यावरून चर्चमध्ये नेत असे. उपासना संपली की भोपळे, अंडी, कोंबड्या यांचा अंगणात लिलाव व्हायचा, आणि आजी स्वतःच दिलेली कोंबडी दुप्पट बोली लावून परत घरी आणायची. तिला पावतीची किंवा तारखेची चिंता कधी पडली नाही. मला मात्र पडली आहे. हॉस्पिटलच्या खात्यावर थेट पैसे पाठवता येतात का? माझ्या यजमानांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, मी गेल्या वर्षी अमेरिकन नागरिक झाले. दोघांपैकी कोणी पाठवावेत, याने काही फरक पडतो का? आणि पैसे एखाद्या विशिष्ट यंत्रासाठी म्हणून द्यावेत, की न सांगता द्यावेत?

उत्तर 1 (शिकागो, व्यवसायाने कर सल्लागार)

ताई, सलाम. भारतातील हॉस्पिटलच्या खात्यावर थेट पैसे पाठवलेत, तर त्या देणगीची अमेरिकेच्या आयकरात वजावट मिळणार नाही. त्यासाठी इथे स्थापन झालेली आणि 501(सी)(3), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेचा, दर्जा असलेली संस्था मध्ये असावी लागते. काही मोठ्या हॉस्पिटलांसाठी इथे अशा स्वतंत्र संस्था आहेत, जसे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसाठी वेल्लोर सीएमसी फाउंडेशन. मात्र इथल्या संस्थेने तुमचे पैसे नुसते पुढे ढकलून चालत नाही. कोणते काम आपल्या उद्देशात बसते हे तिने स्वतः ठरवायचे असते आणि पैशांवर ताबाही तिचाच राहायला हवा. म्हणून देताना ‘अमुक हॉस्पिटलच्या कामासाठी वापरावे अशी आमची इच्छा आहे’ असे लिहावे, अट घालू नये. संस्थेचा दर्जा आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याच्या, संकेतस्थळावर तपासता येतो. चर्चला असा दर्जा अर्ज न करताही मिळतो, तेव्हा एखादी मंडळी त्या यादीत दिसली नाही म्हणून लगेच शंका घेऊ नये.

तारखेबद्दल सांगायचे तर, 31 डिसेंबरपर्यंत टपालात पडलेला चेक याच वर्षात धरला जातो आणि क्रेडिट कार्डावर ज्या दिवशी रक्कम पडली तो दिवस धरतात. शेअर देणार असाल तर ते संस्थेच्या खात्यात पोहोचल्याची तारीख महत्त्वाची ठरते, म्हणून ते काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. वर्षाहून अधिक काळ ठेवलेले आणि भाव वाढलेले शेअर विकून पैसे देण्यापेक्षा शेअरच दिले, तर वाढीवरचा कर वाचतो. 250 डॉलर किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक देणगीचे लेखी पोचपत्र, बदल्यात तुम्हाला काही मिळाले की नाही या उल्लेखासह, विवरणपत्र भरण्याआधी हाती असावे.

पण मला खरी काळजी वेगळीच वाटते. यंदा 2025 साठी पती-पत्नींचे एकत्रित स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे खर्च न दाखवता मिळणारी सरसकट वजावट, 31,500 डॉलर आहे. घरकर्जाचे व्याज, राज्याचे कर आणि सगळी देणगी मिळून तुमची बेरीज त्याच्या वर जात नसेल, तर डिसेंबरात धावपळ करून कराच्या दृष्टीने काहीही मिळणार नाही. उलट 2026 पासून आयटमाइझ न करणाऱ्या, म्हणजे एकेक खर्च दाखवण्याऐवजी सरसकट वजावट घेणाऱ्या, जोडप्यांनाही 2,000 डॉलरपर्यंतच्या रोख देणगीची वजावट मिळणार आहे. जे आयटमाइझ करतात त्यांच्या बाबतीत नेमके उलटे आहे: पुढल्या वर्षापासून उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतची देणगी वजावटीत धरली जाणार नाही, म्हणून त्यांनी यंदाच द्यावे. तुम्ही कोणत्या गटात बसता ते आज रात्रीच बेरीज करून पाहा.

उत्तर 2 (पश्चिम महाराष्ट्रातील एका मिशन हॉस्पिटलचे निवृत्त खजिनदार)

कर सल्लागारांनी अमेरिकेची बाजू सांगितली. मी पैसे येतात त्या टोकाला 22 वर्षे बसलो आहे, म्हणून तिकडची सांगतो.

परकीय स्रोताकडून येणाऱ्या प्रत्येक देणगीला परकीय अंशदान नियमन कायदा, म्हणजे एफसीआरए, लागतो. संस्थेची स्वतःची नोंदणी असलीच पाहिजे आणि ती दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर अशी प्रत्येक रक्कम प्रथम दिल्लीतील स्टेट बँकेच्या संसद मार्गावरील मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरते. त्याच दुरुस्तीने एका संस्थेला आलेले परकीय पैसे दुसऱ्या संस्थेला द्यायलाही बंदी केली. पूर्वी एखादी मध्यवर्ती मंडळी रक्कम घेई आणि खेड्यातल्या दवाखान्यांना वाटून देई. तो मार्ग आता बंद आहे. तेव्हा ताई, ज्या हॉस्पिटलला पैसे पोहोचावेत असे वाटते त्याच्याच नावावर नोंदणी चालू आहे का, हे त्यांच्या कार्यालयाला पत्र लिहून विचारा. चांगली संस्था या प्रश्नाने रागावत नाही.

तुमच्या यजमानांच्या पासपोर्टाने फार मोठा फरक पडतो. भारतीय नागरिकाने परदेशात राहून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय अंशदान धरले जात नाहीत. हॉस्पिटलला फक्त त्यांच्या पासपोर्टचा तपशील घेऊन ठेवावा लागतो. तुम्ही स्वतः पाठवलेत तर मात्र ते परकीय ठरतील, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे) असले तरीही. थेट पाठवल्यास अमेरिकेची वजावट मिळणार नाही, हे वर आलेच आहे.

आता यंत्राविषयी. आमच्या वॉर्डाच्या टोकाला एका खोलीत तपासणीचे एक महागडे यंत्र पांढऱ्या चादरीखाली पडून होते. एका दात्याने मोठ्या प्रेमाने, नाव कोरलेल्या पितळी पाटीसह दिलेले. ते चालवणारा तंत्रज्ञ वर्षभरात सोडून गेला, सुटा भाग परदेशातून मागवायचा म्हटले तर पैसे नाहीत, आणि अटीमुळे दुसरीकडे वळवता येईल अशी रक्कम हाती नव्हती. त्याच काळात आम्ही प्रसूती विभागातल्या परिचारिकांचे पगार दोन हप्त्यांत देत होतो. महिन्याच्या दहा तारखेला त्या मुली टेबलापाशी येऊन उभ्या राहत आणि मी वही उघडून पुढल्या आठवड्याची तारीख सांगे. ते मला अजून आठवते.

म्हणून माझी विनंती अशी की अट घालू नका, आणि घालायचीच तर पगार, औषधे आणि जनरेटरचे डिझेल यांची घाला. कायद्याने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 20 टक्क्यांवर आणली आहे, पण हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचे आणि शाळेतल्या शिक्षकांचे पगार त्यात धरले जात नाहीत; तेव्हा पगारासाठी दिले म्हणजे नियमाबाहेर गेले, अशी भीती नको. डिसेंबरात एकदम येणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा दर तिमाहीला ठरलेली छोटी रक्कम आम्हाला अधिक उपयोगी पडत असे. पंडिता रमाबाईंना अमेरिकेत मदत मिळाली तीही अशीच. 1887 च्या डिसेंबरात बोस्टनला जी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तिने एकदाच मोठी देणगी न देता दहा वर्षे आधार देण्याचे वचन दिले, आणि त्या भरवशावर 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठीची निवासी शाळा, शारदा सदन, उघडली. पुढच्या वर्षाचे पैसे येणार हे ठाऊक असले की माणूस मुली दाखल करून घेतो, शिक्षिका नेमतो.

उत्तर 3 (टेक्सासमधील एका मंडळीची महिला सभासद)

माझी भर थोडी आहे. आमच्या बॅप्टिस्ट मंडळीत दर नाताळात ‘लॉटी मून’ नावाने अर्पण जमा होते. चीनमध्ये काम करणाऱ्या या बाईंनी 1887 मध्ये मायदेशी, अमेरिकेला, पत्र पाठवून नाताळाचा काळ मिशनसाठीच्या अर्पणाला राखून ठेवावा असे सुचवले, आणि दुसऱ्याच वर्षी स्त्रियांनी तीन हजार डॉलरांहून अधिक जमवून तीन नव्या स्त्री मिशनरींचा खर्च उचलला. वर्षअखेर या कल्पनेचा कराशी सुरुवातीला काही संबंध नव्हता, कारण अमेरिकेत देणगीची वजावट 1917 मध्ये आली. तुम्ही तारीख चुकवलीत तरी अर्पण चुकत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

भाषांतराच्या कामाबद्दल एक सांगते. संस्थेला विचारताना ‘किती भाषा पूर्ण केल्या’ याबरोबरच ‘त्या भाषेचे स्थानिक भाषांतरकार पगारावर आहेत का, आणि तपासणी कोण करते’ हेही विचारा. खर्चाचा मोठा भाग त्या माणसांवर व्हायला हवा.

प्रश्नकर्तीकडून

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री बेरीज केली. आमचा आकडा 31,500 च्या बराच खाली राहतो. त्यामुळे हॉस्पिटलचे 3,000 डॉलर यजमान स्वतःच्या खात्यातून पाठवतील, वर्षभरात चार हप्त्यांत, परिचारिकांच्या पगारासाठी. पहिला हप्ता नाताळापूर्वी जाईल. कार्यालयाला पत्र आजच टाकले आहे. भाषांतराची रक्कम मी इथल्या संस्थेला जानेवारीत देईन. दरम्यान वर सुचवलेले दोन्ही प्रश्न तिला विचारते आणि उत्तर आले की इथे लिहिते.

खजिनदार काका, त्या दहा तारखेच्या मुलींविषयी वाचून माझ्या आईची आठवण आली. ती त्याच प्रसूती विभागासारख्या एका विभागात सहा वर्षे होती.