डीजेइंग नवीन शिकतोय, चांगल्या क्वालिटीचे ट्रॅक कुठून घ्यायचे?

मंडळी, मदत हवी आहे. छोटा कंट्रोलर आणि रेकॉर्डबॉक्स (डीजे सॉफ्टवेअर) घेऊन शिकतोय, बीटमॅचिंग (दोन गाण्यांचे ठेके जुळवणं) बऱ्यापैकी जमायला लागलंय पण गाण्यांवर गाडी अडलीये. मित्राने पेनड्राइव्ह भरून कलेक्शन दिलं, सगळ्या फायली ३२० केबीपीएस (एमपी३ ची सर्वात वरची क्वालिटी) दाखवतात, हेडफोनवर ठीकठाक वाटतात पण मोठ्या स्पीकरवर लावलं की काही गाणी एकदम दबलेली, हाय-हॅट (ड्रमच्या झांजा) तर पाण्याखालून आल्यासारखे, आणि मागोमाग एखादं चांगलं गाणं आलं की फरक लगेच कळतो. वर बरीचशी गाणी थेट गाण्यापासूनच सुरू होतात, मिक्स करायला जागाच नाही.

हाउस वाजवतो, थोडं टेक्नो. एमपी३ चालेल की वावच (आवाज न दाबलेली मोठी फाइल) पाहिजे? विकत घ्यायचं तर कुठून? डीजे पूल (महिन्याचे पैसे भरून गाणी उतरवायची सेवा), स्ट्रीमिंग वगैरेचं काय? (यूट्यूबवरून काढ म्हणू नका प्लीज, ते सांगणारे ढिगाने भेटलेत.)

प्रतिसाद १:
३२० दाखवतंय म्हणजे मूळ ३२० चीच असेल असं काही नाही रे. १२८ ची फाइल कोणी परत ३२० मध्ये कन्व्हर्ट केली तर फक्त साइज वाढते, गेलेला आवाज गेलाच. स्पेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल टाक, स्पेक्ट्रम दिसतो. १२८ वाली साधारण १६ किलोहर्ट्झला सपाट कापलेली दिसते, खरी ३२० असेल तर २० च्या आसपास जाते. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मुळातच वरचं कमी असतं, त्यामुळे नुसतं चित्र बघून फेकू नको, कानानेही ऐक.

खरी ३२० एमपी३ बिनधास्त चालते. लॉसलेसच (आवाजातलं काहीच न गमावलेलं) हवं तर वावपेक्षा एआयएफएफ फाइल घे, आवाज तोच पण टॅग आणि कव्हर नीट राहतात. फ्लॅक हाही लॉसलेस प्रकार, पण तो जुने सीडीजे (क्लबमधले डीजे प्लेअर) वाचत नाहीत, दुसऱ्याच्या सेटअपवर पेनड्राइव्ह लावलास की फजिती.

विकत घ्यायला ऑनलाइन दुकानं म्हणजे हाउसला ट्रॅक्ससोर्स, टेक्नोला बीटपोर्ट. माझं मत विचारशील तर आधी बँडकॅम्पवर शोध, तिथे एकदा घेतलं की एमपी३, वाव, एआयएफएफ हवं ते उतरवता येतं. आणि कुठूनही घे, पण नावापुढे एक्सटेंडेड मिक्स आहे ना ते बघ, रेडिओ एडिट (कापून छोटं केलेलं) नको. एक्सटेंडेडला पुढेमागे बहुतेक १६ नाहीतर ३२ बार (एक बार म्हणजे चार ठोके) नुसता बीट असतो, तीच तुझी मिक्सची जागा.

प्रतिसाद २:
वरच्याला +१. पूल हा सगळ्या प्रकारची हिट गाणी वाजवणाऱ्यांना परवडतो, इंट्रो एडिट (सुरुवातीला मिक्सिंगसाठी बीट जोडलेलं), क्लीन व्हर्जन (शिव्या काढलेलं) सगळं मिळतं, पण तू हाउस-टेक्नोच वाजवणार तर महिन्याचे पैसे भरून भाराभर डाउनलोड करशील आणि ऐकणार कधी? मोजकी घे, पाठ होईपर्यंत ऐक. स्ट्रीमिंग घरी सरावाला आणि नवीन शोधायला झकास, पण प्रोग्रॅमला त्याच्या भरवशावर जाऊ नको, नेट गेलं की बस बोंबलत.

धागाकर्ता:
थँक्यू दोघांना! स्पेकमध्ये टाकून बघितलं, अर्ध्याहून जास्त १६ लाच कापलेली निघाली 😅 त्यातली आवडती आता विकत घेणार, पण रेकॉर्डबॉक्समध्ये लावलेले क्यू पॉइंट (गाण्यात ठरावीक जागी लावलेल्या खुणा) नवीन फाइलला चालतील का?

प्रतिसाद १:
एक्सटेंडेड घेतोयस ना, मग लांबीच वेगळी, जुने क्यू कुठेही पडतील. नवीन गाणं म्हणून टाक, ॲनालाइज कर आणि परत लाव.