मसल एनर्जी करताना ट्रॅपेझियस उलट आवळतो, काय चुकतंय?

प्रश्न: उजवा वरचा ट्रॅपेझियस (मानेपासून खांद्याकडे जाणारा स्नायू) मसल एनर्जीने सोडवतोय, म्हणजे रुग्ण स्नायू आवळतो, मी हाताने अडवतो आणि तो सैल झाला की थोडा पुढे ताणतो. रुग्णाला निम्मा जोर लावायला सांगतो, पण तिसऱ्या फेरीला स्नायू आणखी कडक लागतो. का?

उत्तर १: निम्मा जोर फार होतो, शेजारचे स्नायूही कामाला लागतात. साधारण २० टक्के पुरे. ‘जोर लावा’ऐवजी ‘खांदा हलकेच कानाकडे न्या’ म्हणा. रुग्ण उताणा. डोकं किंचित पुढे, डावीकडे झुकवलेलं, चेहरा थोडा उजवीकडे. पहिला अडसर (ताण लागू लागतो ती जागा) हाताला जाणवला की तिथेच थांबा, रेटू नका. ५ सेकंद खांदा अडवून धरा, मग सोडायला सांगा. आणि थांबा! स्नायू खरोखर सैल व्हायला दोन-तीन सेकंद लागतात. बहुतेकांची घाई इथेच होते. मगच नव्या अडसरापर्यंत जा. ३ ते ५ फेऱ्या.

उत्तर २: चेहरा डावीकडे वळवत नाही ना? तसं केलं तर ताण लेव्हेटर स्कॅप्युली या मानेपासून खांद्याच्या पात्याकडे जाणाऱ्या स्नायूवर जातो. पहिली बरगडीही तपासा. ती वर अडकलेली असेल तर नुसता स्नायू सोडवून भागत नाही.

उत्तर ३: स्नायू फारच दुखरा असेल तर अमेरिकी डॉक्टर लॉरेन्स जोन्स यांची काउंटरस्ट्रेन पद्धत बरी, तीत स्नायू ताणत नाहीत. स्नायू आखूड होईल अशी स्थिती शोधा, दुखरा बिंदू निदान ७० टक्के शमला पाहिजे. ९० सेकंद धरा, मग अगदी सावकाश परत आणा. झटक्याने आणलं तर तो पुन्हा आवळतो. हाताला मुंग्या किंवा चक्कर असेल तर मानेला हात न लावता आधी डॉक्टरांकडे पाठवा.