सोसायटीत एईडी मशीन घ्यायचं आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कोथरूडला राहते. ११ मजली सोसायटी, दोन विंग, ज्येष्ठ नागरिक भरपूर. येत्या रविवारच्या सभेत एईडीचा विषय मांडायचा आहे. विमानतळावर भिंतीवरच्या पेटीत असतं ना, छातीला पॅड चिकटवून शॉक देणारं, ते मशीन. सेक्रेटरींचं म्हणणं, "शॉक देताना कोणाचं बरंवाईट झालं तर निस्तरणार कोण?" मला उत्तर देता आलं नाही.

हे का सुचलं ते सांगते. गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरचे काका सकाळी बॅडमिंटन खेळता खेळता कोसळले. मी दूध घेऊन येत होते. पोचले तेव्हा डोळे उघडे, हातपाय दोनतीनदा ताठ झाले. कोणीतरी "फिट आली" म्हणालं, लगेच कांदा फोडला गेला, नाकाशी चप्पल आली. एका आजोबांनी स्वतःच्या खिशातली सॉर्बिट्रेट (छातीत दुखलं की घेतात ती गोळी) काकांच्या जिभेखाली सरकवली. घशातून मधूनच घर्रर्र असा आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. सगळे म्हणाले, श्वास चालू आहे, घाबरू नका.

ऑफिसात एकदा सीपीआरचं अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग झालं होतं (त्यातलं जेवण जास्त लक्षात आहे). तरी मी गुडघे टेकून छाती दाबायला लागले. पंधरावीसदा दाबली असेल, आणि तळहाताखाली कट् झालं. रिकामी काडेपेटी चिरडावी तसं. मी हात काढून घेतले. काकू समोर तांब्या घेऊन उभ्या होत्या. मग ॲम्ब्युलन्स येईपर्यंत कोणीच छातीला हात लावला नाही. काका गेले.

तर मशीन कुठे ठेवावं, कोणी वापरावं, घेताना काय बघावं? आणि मी थांबले ते चुकलं का? हे घरी कोणाला विचारता येत नाहीये.

भूलवाला डॉक्टर:
ताई, आधी शेवटचं. मोठ्या माणसाची छाती पुरेशी खोल दाबली की बरगडी मोडू शकते, मोडतेच बऱ्याचदा. आम्हीही तो आवाज ऐकतो. हात छातीच्या मधल्या हाडावर आहे ना एवढं पाहायचं आणि दाबत राहायचं. बरगडी जुळते. हे त्या ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नाही, ती चूक तुमची नाही. काका वाचले असते का, ते मी सांगू शकत नाही, आणि दुसरं कोणी छातीठोक सांगत असेल तर ऐकू नका.

खोली पाच ते सहा सेंटीमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांनी माणूस बदला. दमलेला माणूस उथळ दाबतो आणि ते त्याचं त्याला कळत नाही.

ती घरघर म्हणजे श्वास नव्हे. हृदय बंद पडल्यावर काही मिनिटं असे आचके येतात, आणि आजूबाजूचे फसतात ते इथेच. सुरुवातीला हातपाय ताठ होतात तेही मेंदूला रक्त न मिळाल्यामुळे, म्हणून फिट वाटते. हाकेला ओ नाही, श्वास नेहमीसारखा नाही, की लगेच १०८ आणि छाती दाबणं. नाडी शोधण्यात वेळ घालवू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात गोळी, पाणी काहीही नको. सॉर्बिट्रेटने रक्तदाब आणखी उतरतो.

आता सेक्रेटरींसाठी. मशीन आधी हृदयाची लय तपासतं. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये खालचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त पुढे जातच नाही. व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियात ते इतके सुसाट धावतात की रक्त भरायला सवड मिळत नाही. अशा लयी सापडल्या तरच शॉक तयार होतो, एरवी बटण दाबलंत तरी जात नाही. पॅड मात्र निपचित पडलेल्या माणसालाच लावायचे, चक्कर आलेल्या, बोलणाऱ्या माणसाला नाही. सिनेमात मॉनिटरवर सरळ रेषा दिसली, म्हणजे हृदयात विजेची हालचालच उरली नाही, की शॉक देतात ते साफ खोटं. तिथे छाती दाबायची आणि डॉक्टरांनी ॲड्रिनलिनचं इंजेक्शन द्यायचं. फिब्रिलेशनमध्ये ना दाबणं ना शॉक असं गेलेलं प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी करतं. पुण्याच्या ट्रॅफिकचा हिशेब तुम्हीच करा. आणि काही न करता त्या माणसाचं काय बरं होणार आहे, हेही विचारा त्यांना.

टेकडीवाला:
आम्ही सिंहगड रोडला घेतलंय. आधी क्लबहाऊसमध्ये कुलपात होतं. किल्ली चेअरमनकडे, चेअरमन मुलीकडे बंगलोरला! आता वॉचमनच्या केबिनबाहेर, बिनकुलपाचं. पेटीत कात्री, रेझर आणि जुना टॉवेल ठेवा. घामाने ओल्या किंवा केसाळ छातीवर पॅड नीट बसत नाही. पॅड आणि बॅटरी दोन्हींना एक्सपायरी असते, तो खर्च आत्ताच मंजूर करून घ्या, नंतर कोणी सही करत नाही. मशीन बोलून सूचना देतं, त्या हिंदीत आहेत का बघा, कारण पहाटे तिथे वॉचमनच असतो. आणि कामं वाटून ठेवा: एक गेटवर ॲम्ब्युलन्सला वाट दाखवायला, एक लिफ्ट खाली अडवून धरायला.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. लिफ्टचं डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवशी स्ट्रेचर आलं तेव्हा ती नवव्या मजल्यावर होती, पण काका खालीच असल्याने निभावलं.

डॉक्टर, काकूंनी परवा जिन्यात विचारलं, "तो कट् आवाज कसला होता गं?" मी "काही नाही हो" म्हणून वर निघून आले. आज संध्याकाळी खाली जाऊन सांगते.