१ ऑगस्टला टिळक आणि अण्णाभाऊ एकाच कार्यक्रमात का?

वारणाकाठ
१ ऑगस्ट १९२०. मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले आणि त्याच दिवशी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. शाळांमधून म्हणूनच एका टेबलावर दोन तसबिरी, दोन हार आणि भाषणं बहुतेक टिळकांवर: शेंगांची टरफलं, मंडाले, गीतारहस्य. अण्णाभाऊंच्या वाट्याला 'दीड दिवस शाळेत गेले' एवढंच. 'फकिरा' लिहिणारा, अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं करणारा, 'माझी मैना'तून संयुक्त महाराष्ट्राची तळमळ गाणारा हा माणूस. त्याची ओळख न मिळालेल्या शाळेवरून करून द्यायची? टिळक जयंती २३ जुलैला असते, तेव्हा शाळाही सुरू असतात. त्यांच्यावरची भाषणं त्या दिवशी घ्या आणि १ ऑगस्ट अण्णाभाऊंना पूर्ण द्या.

चौपाटीकर
साफ असहमत. टिळकांच्या अंत्ययात्रेला गिरगाव चौपाटीपर्यंत लोटलेली मुंबई आणि त्याच दिवशी गांधीजींनी सुरू केलेलं असहकार आंदोलन, हे १ ऑगस्टपासून तोडणार कसं? शिवाय १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. अण्णाभाऊही पुढे मुंबईत गिरणी कामगार झाले. हा दुवा एकाच कार्यक्रमात सांगता येतो. वेगळा दिवस हवाच असेल तर १८ जुलैला अण्णाभाऊंची पुण्यतिथी असते, ती करा.

वारणाकाठ
म्हणजे सरकायचं पुन्हा अण्णाभाऊंनीच! टिळकांना दोन तारखा आहेत तशा अण्णाभाऊंनाही आहेत, मान्य. पण आजवर वेळ कुणाचा कापला गेला तेही बघा ना. संपाचा दुवा खरा आहे, फार मोलाचा आहे, पण शाळेतल्या भाषणात तो मी एकदाही ऐकलेला नाही.

परिपाठ
मी शिक्षिका आहे. तारखेपेक्षा भाषणं बदला असं मला वाटतं. गेल्या वर्षी नववीला अण्णाभाऊंची 'स्मशानातील सोनं' ही कथा वाचून दाखवली. भीमा आणि कोल्ह्यांच्या झुंजीला वर्ग चिडीचूप होता. नंतर पोरांनी विचारलं, "बाई, यांचं अजून काय आहे?"

निळी पहाट
बाई, तुम्ही केलंत ते फार चांगलं, पण सगळ्याच शाळांत असे शिक्षक नसतात. आमच्या वस्तीत १ ऑगस्टला मिरवणूक निघते, पोवाडे होतात, म्हातारी माणसंसुद्धा नवे कपडे घालतात. तिथून सकाळी शाळेत गेलेल्या पोराला तासाभराच्या कार्यक्रमात शेवटची पाच मिनिटं मिळतात, तेव्हा त्याला काय वाटत असेल? माझं मत वारणाकाठ यांच्या बाजूने.